घरावर सोलर बसवावे का? बेळगाव सीमाभागातील कुटुंबांसाठी निर्णयाची पद्धत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागात घरावर सोलर बसवण्याचा विचार मनात आला की बहुतेक जण आधी गच्चीवर जाऊन जागा मोजतात आणि लगेच एखाद्या विक्रेत्याला बोलावतात. सुरुवात छतापासून न करता वीजबिलापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. मागील बारा महिन्यांची बिले एकत्र करा, एका वहीत प्रत्येक महिन्याचे वापरलेले युनिट आणि त्यापुढे प्रत्यक्ष भरलेली रक्कम लिहा. जुनी बिले हाताशी नसतील तर बिलावरील खाते क्रमांक किंवा आर. आर. नंबर घेऊन हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसात जावे. तेथे मागील नोंदी पाहता येतात. हुक्केरी तालुक्यातील ग्रामीण ग्राहकांनी हेच काम आपल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थेत करायचे आहे, तर बिदर, भालकी, औराद या बाजूच्या वाचकांसाठी कंपनी गेस्कॉम आहे. पाऊण तासाचे हे काम न करता घेतलेला निर्णय, मग तो सोलर बसवण्याचा असो वा न बसवण्याचा, अंदाजावरच उभा राहतो.

बिलांचा एवढा आग्रह धरण्याचे कारण गृहज्योती योजना हे आहे. जुलै २०२३ पासून कर्नाटक सरकार घरगुती ग्राहकांना महिन्याला २०० युनिटपर्यंतची वीज मोफत देते. परंतु हे २०० युनिट सरसकट प्रत्येकाला मिळत नाहीत. २०२२-२३ या आर्थिक वर्षातील तुमचा सरासरी मासिक वापर आणि त्यावर १० टक्के, एवढीच तुमची मर्यादा असते. (ज्यांचा सरासरी वापर ४८ युनिटांपेक्षा कमी होता, त्यांना नंतर १० टक्क्यांऐवजी सरळ १० युनिट वाढवून देण्यात आले.) वापर या मर्यादेत राहिला तर बिल शून्य येते. मर्यादा ओलांडली पण २०० च्या आत राहिलात, तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे भरावे लागतात. आणि एखाद्या महिन्यात २०० युनिट ओलांडले, तर त्या महिन्याचे संपूर्ण बिल भरावे लागते. नव्या घरात राहायला गेलेल्या कुटुंबाची जुनी सरासरी उपलब्ध नसते, म्हणून त्यांना राज्याच्या सरासरीवरून ठरवलेली ५८ युनिटांची मर्यादा मिळते.

आता आपल्या वहीकडे पाहा. बाराही महिने भरलेली रक्कम शून्य असेल, तर पैशांच्या दृष्टीने सोलर बसवण्याची आज तुम्हाला गरज नाही. जे बिलच येत नाही, त्यातून बचत होऊ शकत नाही, आणि विक्रेता ‘महिन्याला इतके हजार वाचतील’ असे सांगत असेल, तर तो तुमचे बिल न पाहताच बोलत आहे. सीमाभागातील खेड्यांतील बरीच घरे याच गटात मोडतात. अशा घरातील एखाद्याला स्वच्छ ऊर्जेसाठी आपला वाटा उचलायचा असेल, तर त्या इच्छेचा मला आदर आहे. मात्र त्यासाठी निवृत्तीची पुंजी मोडू नये किंवा कर्ज काढू नये. सरकारची योजना उद्या बदलली तर काय, हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर घाई हे नव्हे. कागदपत्रे तयार ठेवावीत, छत नीट ठेवावे आणि योजना बदलेल त्या दिवशी पुन्हा हिशोब मांडावा.

मधला गट, म्हणजे आपली मर्यादा ओलांडणारा पण २०० युनिटांच्या आत राहणारा, सर्वांत अवघड आहे, कारण त्याच्या डोळ्यांना बिल दिसते आणि सोलरचा मोह होतो. मर्यादा ११० युनिट आणि वापर १७० युनिट असेल, तर तुम्ही पैसे ६० युनिटांचेच भरता. हे ६० युनिट कमी करण्याचा सोलरपेक्षा स्वस्त मार्ग अनेकदा घरातच असतो. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. दिवसाला बारा तास चालणारे चार पंखे बदलले, तर महिन्याला ६५ युनिटांच्या आसपास बचत होते आणि बिल पुन्हा शून्यावर येऊ शकते. त्यासाठी लागणारा खर्च सोलरच्या एका किलोवॅटच्या खर्चापेक्षा फारच कमी आहे. म्हणून या गटातील कुटुंबांना माझा सल्ला असा की आधी पंखे, जुना फ्रीज आणि गिझर यांचा हिशोब करा, तीन-चार महिने बिले पाहा आणि मगच पॅनेलकडे वळा.

गिझरविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. आपल्या भागात सकाळच्या गारठ्यामुळे वर्षातील बरेच महिने गरम पाण्याची गरज पडते, आणि बंब गेल्यापासून हे काम विजेच्या गिझरवर आले आहे. दोन किलोवॅटचा गिझर रोज एक तास चालला तर महिन्याला ६० युनिट जातात. हे काम सौर वॉटर हीटर थेट उन्हावर करतो, त्याला जागा कमी लागते, आणि तो बसवलेल्या घरगुती ग्राहकाला कर्नाटकात वीजबिलात युनिटमागे ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये, अशी सूटही मिळते. पावसाळ्यात त्याचे पाणी कोमट राहते हे खरे. पण बिलाचा मुख्य भार गिझरच असेल, तर वीज निर्माण करून पुन्हा तिच्यावर पाणी तापवण्यापेक्षा हा मार्ग सरळ आहे.

तिसरा गट म्हणजे ज्यांचा वापर बहुतेक महिने २०० युनिटांच्या वर जातो आणि ज्यांना पूर्ण बिल येते. टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर येथील मोठी कुटुंबे, एसी किंवा पाण्याची मोटार असलेली घरे, एकाच मीटरवर दोन चुली असलेली एकत्र कुटुंबे यांनी पुढचा भाग लक्षपूर्वक वाचावा, कारण सोलरचा खरा विचार करण्याची जागा ही आहे.

येथे सीमाभागापुरती एक सूचना करणे आवश्यक वाटते. आपले नातेवाईक कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड येथे असतात, आणि त्यांचा अनुभव ऐकून आपण निर्णय घेतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढत जातात: १०० युनिटांपर्यंत एक दर, ३०० पर्यंत त्याहून बराच जास्त, ५०० पर्यंत आणखी जास्त. त्यामुळे तेथे सोलरने वाचवलेले वरचे युनिट सर्वांत महागडे असतात आणि पैसे लवकर वसूल होतात. कर्नाटकात २०२४ पासून घरगुती वापराला एकच सपाट दर आहे. २०२५-२६ साठी तो युनिटमागे ५ रुपये ८० पैसे ठरला. त्यावर वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनापोटी ३६ पैशांचा अधिभार आणि ९ टक्के वीजकर धरला, तर वाचलेल्या एका युनिटाची किंमत साधारण ६ रुपये ७० पैसे होते. पलीकडच्या मेहुण्याचे ‘अडीच वर्षांत पैसे निघाले’ हे वाक्य खरे असू शकते, पण ते हेस्कॉमच्या ग्राहकाला जसेच्या तसे लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सोलर बसवल्यावरही बिल पूर्णपणे शून्य होत नाही. मंजूर भारावर प्रत्येक किलोवॅटमागे स्थिर आकार असतो, २०२५-२६ साठी तो महिन्याला १४५ रुपये आहे, आणि पॅनेलने कितीही वीज दिली तरी तो भरावा लागतो. तीन किलोवॅट मंजूर भार असलेल्या घराला ४३५ रुपये ठरलेलेच. बचतीच्या हिशोबातून ही रक्कम आधीच बाजूला काढावी.

आता हिशोब. बेळगाव परिसरात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाला सुमारे १,४०० युनिट देते असे धरता येते. म्हणजे दिवसाला सरासरी चार युनिटांच्या जरा खाली. अथणी, रायबाग, गोकाक या कोरड्या पूर्व भागात हा आकडा गाठणे सोपे आहे, तर जांबोटी, कणकुंबी या खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात, जेथे जून ते सप्टेंबर आभाळ क्वचितच मोकळे असते, तो बराच कमी धरावा. तेथे जुलैचे उत्पादन मार्चच्या निम्म्यावर येऊ शकते. समजा तुमचा वापर महिन्याला २५० युनिट आहे. दोन किलोवॅटचा संच वर्षाला २,८०० युनिट देईल आणि तुमची गरज ३,००० आहे. ६ रुपये ७० पैशांनी ही बचत १८,७०० रुपयांच्या आसपास होते. संचाचा दर १ लाख ३० हजार मिळाला आणि केंद्राच्या योजनेचे (तिच्याविषयी पुढे) ६० हजारांचे अनुदान वजा झाले, तर स्वतःचे ७० हजार रुपये चार वर्षांच्या आत वसूल होतात. त्यानंतर पॅनेल आणखी वीस वर्षे काम करते. फक्त इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) मध्ये एकदा बदलावा लागेल हे गृहीत धरून त्यासाठी काही रक्कम राखून ठेवावी. या हिशोबात गृहज्योतीचा कोणताही लाभ मी धरलेला नाही, आणि तुम्हीही धरू नये. नेट मीटर (कंपनीकडून घेतलेली आणि तिला दिलेली वीज मोजणारे मीटर) बसल्यावर तुमच्या खात्याचे बिल गृहज्योतीत कसे काढले जाईल, हे सोलरसाठी अर्ज करण्यापूर्वी सेक्शन ऑफिसात लेखी विचारावे.

येथेच संचाच्या आकाराचा प्रश्न येतो. अधिक मोठा संच लावून जादा वीज कंपनीला विकू, असा विचार अनेक जण करतात. परंतु जादा ठरलेल्या युनिटांना मिळणारा दर वीज नियामक आयोग ठरवतो, तो आपण वाचवलेल्या युनिटाच्या किमतीपेक्षा कमी असतो, आणि अनुदान घेतलेल्या ग्राहकासाठी आणखी कमी असतो. म्हणून घरात वापरलेले युनिट हाच खरा फायदा समजून संच आपल्या गरजेएवढा किंवा किंचित लहान ठेवावा. मुलगी लग्न होऊन जाणार असेल, मुलगा पुण्याला नोकरीसाठी निघणार असेल, तर वापर घटणार आहे, आणि नवा एसी किंवा विजेवर चालणारी दुचाकी येणार असेल तर तो वाढणार आहे. पुढील पाच वर्षांचे घर डोळ्यांसमोर आणून किलोवॅट ठरवावेत.

करंट गेल्यावर सोलरवर घर चालेल, ही समजूत सर्वत्र आढळते आणि ती चुकीची आहे. अनुदानाच्या योजनेतील साधा संच ग्रिडशी, म्हणजे कंपनीच्या वीजजाळ्याशी, जोडलेला असतो. ग्रिड बंद पडले की त्याचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो, अगदी भर दुपारी कडक ऊन असले तरी. हे मुद्दाम तसे केलेले आहे, कारण खांबावर चढलेल्या लाईनमनला तुमच्या घरातून उलट जाणाऱ्या विजेचा धक्का बसता कामा नये. पावसाळ्यात झाडे पडून दोन-दोन दिवस वीज नसते अशा खानापूरच्या गावांत माणसे नेमक्या याच गरजेपोटी सोलर घेतात आणि निराश होतात. त्यांनी बॅटरीसह हायब्रीड संचाची चौकशी करावी. तो योजनेत बसतो, पण बॅटरीच्या खर्चाला अनुदान नाही. फक्त दिवे, पंखे आणि मोबाइल चालवायचे असतील, तर घरातला साधा बॅटरी-इन्व्हर्टर कमी खर्चात तेवढे काम करतो.

बिलाच्या कसोटीवर सोलर योग्य ठरले की मग छताकडे यावे. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. सावलीची परीक्षा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात करावी, कारण तेव्हा सूर्य सर्वांत खाली असतो. बेळगाव सुमारे १५.८ अंश अक्षांशावर असल्याने त्या दिवसांत भर दुपारीही पाच फूट उंचीच्या कठड्याची सावली उत्तरेकडे चार फूट पडते, आणि सकाळी नऊला ती कितीतरी लांब जाते. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारचे नारळाचे झाड, समोरच्या गल्लीत उठणारा नवा मजला या सर्वांची नोंद सकाळी, दुपारी व चार वाजता घ्यावी. एकमेकांना जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली पडली, तरी साऱ्या ओळीचे उत्पादन खाली येऊ शकते. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि कल साधारण १५ अंश असावा. एवढा कल पावसाचे पाणी व धूळ वाहून जाण्यासही पुरतो.

आरसीसी स्लॅबवर काम सोपे असते. पत्र्याच्या छतावरही पॅनेल बसतात, पण खालच्या अँगलची आणि खिळ्यांची अवस्था आधी तपासावी आणि भोके पाडलेल्या जागी गळती रोखण्याची जबाबदारी लेखी घ्यावी. मंगळुरी कौलांची घरे अजून खानापूर तालुक्यात भरपूर आहेत. कौलांवर थेट पॅनेल ठेवणे मला पटत नाही, कारण भार वाशांवर येतो आणि फुटलेले कौल बदलायला पॅनेल काढावे लागते. अंगणात किंवा गोठ्याच्या पुढे लोखंडी सांगाडा उभारणे हा तेथे बरा पर्याय आहे. कोरड्या भागातील जुन्या मातीच्या माळवदांवर पॅनेल बसवू नये. ज्यांची गच्ची पापड, शेवया, मिरची वाळवण्यासाठी लागते, त्यांनी उंच सांगाड्याचा वेगळा दर मागावा. वळवाचे वारे लक्षात घेता त्याचे नट-बोल्ट आणि पाया भक्कम असायला हवेत. वळवातल्या विजांसाठी वीजरोधक आणि पॅनेलच्या बाजूची, घराच्या बाजूची व वीजरोधकाची अशी तीन स्वतंत्र अर्थिंगे असल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.

साखर कारखान्यांच्या जवळ राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गळीत हंगाम आणि उत्तम उन्हाचे महिने एकाच वेळी येतात, आणि त्याच काळात कारखान्याच्या धुराड्यातील राख व पाचट जाळल्यावर उडणारी काजळी पॅनेलवर बसते. चिक्कोडी, रायबाग, अथणी, निपाणी भागात हंगामात आठवड्याला एकदा तरी साध्या पाण्याने पॅनेल धुवावे लागतील, तेही सकाळी लवकर, काच तापण्याआधी. त्यासाठी गच्चीवर नळ आणि पॅनेलपर्यंत हात पोहोचेल अशी मोकळी वाट ठेवा. घरात फक्त वयस्क माणसे असतील, तर हे काम कोण करणार याचे उत्तर आधी शोधावे.

आता कागदपत्रे. केंद्र सरकारची पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि ती २०२६-२७ पर्यंत आहे. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्यासाठी १८ हजार आणि एकूण कमाल ७८ हजार रुपये अनुदान मिळते. तीनपेक्षा मोठ्या संचालाही तेवढेच. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर घरगुती जोडणीच्या आधारे होतो, त्यामुळे वडगाव, अनगोळ येथील विणकरांनी मागाच्या मीटरवर अर्ज करू नये. मागाची वीज आणि तिच्या सवलती हा वेगळा विषय आहे. आपल्याकडे हमखास अडणारी बाब नावाची असते. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर, उतारा वडिलांच्या नावावर आणि बँक खाते मुलाचे, अशी स्थिती अनेक घरांत आहे. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूचा (मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचा) उतारा, शहरात महापालिकेचे मालमत्ता खाते, आणि त्यानुसार वीजजोडणीवरील नाव, अशा क्रमाने हे आधी दुरुस्त करावे. भावांमध्ये वाटणी व्हायची असेल किंवा दोन-तीन वर्षांत वर मजला चढवायचा असेल, तर थांबणेच योग्य. सामाईक गच्चीवर एकाने लावलेले पॅनेल पुढे भांडणाचे कारण ठरते, आणि उतरवून पुन्हा बसवण्याचा खर्च अनुदानाची चव घालवतो.

१० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जांना २०२४ च्या नियमांनुसार तांत्रिक पाहणीशिवाय मान्यता मिळते, त्यामुळे ‘मंजुरी मी मिळवून देतो’ म्हणून वेगळे पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. कोल्हापूरचा विक्रेता स्वस्त असला, तरी तो कर्नाटकातील वीज कंपनीसाठी नोंदलेला आहे का हे पोर्टलवर पाहावे. किमान तीन दरपत्रके घ्यावीत आणि ती २२ सप्टेंबर २०२५ नंतरची असावीत, कारण त्या दिवसापासून सोलर साहित्यावरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दरपत्रकात पॅनेलची कंपनी, ती भारतीय सेलपासून बनवलेली असल्याचा उल्लेख (त्याशिवाय अनुदान मिळत नाही), इन्व्हर्टरची हमी, सांगाड्याची उंची व जाडी, अर्थिंग आणि पाच वर्षांची देखभाल स्पष्ट लिहिलेली हवी. अनुदान काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर तुमच्या बँक खात्यात येते, म्हणून पूर्ण रक्कम आधी उभी करावी लागेल. तीन किलोवॅटपर्यंत बँका विनातारण कर्ज देतात. त्याचा हप्ता तुमच्या मासिक बचतीपेक्षा मोठा होत असेल, तर मुदत वाढवण्याऐवजी संच लहान करा.

पैसे टप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता नेट मीटर बसून संच सुरू झाल्यावरच द्यावा. पहिली दोन बिले आली की त्यांतील घेतलेले आणि दिलेले युनिट मीटरवरील आकड्यांशी आणि इन्व्हर्टरच्या ॲपमधील उत्पादनाशी ताडून पाहावेत. ताळमेळ लागत नसेल, तर बिलाची प्रत जोडून सेक्शन ऑफिसात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी.